बांधावरची लाल मुंगी कुठली?

कालव्याच्या कडेला उभं राहून फोनवर बोलताना पायाला जी कडकडून चावते, तिचं मूळ गाव शोधायला निघालं की श्रीपूरहून थेट मेक्सिको गाठावं लागतं. व्हाया मनिला.

घरात रेंज मिळत नाही आणि जिथं मिळते तिथं सगळे कान लावून बसलेले. मग फोन घेऊन तुम्ही बाहेर पडता. श्रीपूरसारख्या गावात 'बाहेर' म्हणजे बऱ्याचदा कालव्याचा नाहीतर चारीचा बांध. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाणी, पायाखाली हिरवंगार गवत. बोलणं रंगात आलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच घोट्याजवळ कुणीतरी पेटती काडी टेकवल्यासारखं होतं. एक नाही, चांगलं पाच-सहा ठिकाणी. तुम्ही चप्पल झटकता, पाय आपटता. पलीकडून विचारणा होते, काय झालं रे? तुम्ही म्हणता, काही नाही, मुंगी चावली.

झालं. विषय संपला. पुन्हा गप्पा सुरू.

पण ती 'काही नाही' म्हणण्यासारखी बाई नाही. तिला एक पूर्ण नाव आहे, त्या नावाचा दोनशे वर्षांचा गोंधळ आहे आणि तिनं केलेला प्रवास तुमच्या-माझ्या सात पिढ्यांनी केलेला नाही.

आधी एक छोटी दुरुस्ती. ती 'चावते' हे अर्धंच खरं. जबड्यानं ती तुमची कातडी घट्ट धरते, तेवढाच तिचा चावा. आग होते ती मागच्या टोकाला असलेल्या नांगीनं. जबड्याची पकड न सोडता ती अंग वळवते आणि नांगी पुन्हा पुन्हा टोचते, म्हणून एकाच मुंगीचे तीन-चार ठिपके अर्धगोलात उठलेले दिसतात. आत जातं ते विष. मधमाशीच्या विषात मुख्यतः प्रथिनं असतात, हिच्या विषात मात्र पायपरिडीन जातीची अल्कलॉइड रसायनं जास्त. घरी कुणी चुना लाव म्हणेल, कुणी हळद. साबणानं धुवून गार पाणी लावलं तरी बहुतेकांचं भागतं. ज्याला अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा धाप लागते, त्याला मात्र घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखान्यात न्यायचं. हे गमतीत घेऊ नका.

लाल म्हणजे कुठली लाल?

मराठीत मुंग्यांची नावं मोजकीच. काळी मुंगी, लाल मुंगी, मुंगळा, डोंगळा. काळीला घराघरात साखर मिळते, लालला खडू नाहीतर रॉकेल. पण 'लाल मुंगी' हे नाव म्हणजे वर्गात 'ए, पाटील' अशी हाक मारण्यासारखं आहे. दहा जण मागं बघतील. कोकणातल्या मित्राला लाल मुंगी म्हटलं की आंब्याची पानं शिवून घर करणारी आठवते. मुंबईच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीला डब्याच्या झाकणाखालची बारीक, फिकट मुंगी आठवते. आणि श्रीपूरला, अकलूजला, सगळ्या ऊसपट्ट्यात जी आठवते ती बहुतेकदा बांधावरची, ओल्या गवतातली. भारतातल्या मुंग्यांची २०१६ साली जी अद्ययावत यादी छापून आली, तिच्यात जाती-उपजाती मिळून ८२८ नावं आहेत. त्यामुळं चार शब्दांवर भागणार नाही.

बांधावरच्या या मुंगीचं शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा. कॉलेजच्या मस्टरवर जसं आधी आडनाव आणि मग नाव लिहितात, तसंच इथं. सोलेनॉप्सिस हे आडनाव, जेमिनाटा हे तिचं स्वतःचं नाव. जेमिनाटा हा लॅटिन शब्द, अर्थ 'जुळी' किंवा 'जोड असलेली'. कुळ फॉर्मिसिडी, म्हणजे जगातल्या झाडून सगळ्या मुंग्यांचं. उपकुळ मिर्मिसिनी. या उपकुळाची ओळख म्हणजे कंबर. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक नाही तर दोन गाठी असतात, दोरीला ओळीनं मारल्यासारख्या.

नाव ठेवलं ते १८०४ साली. योहान ख्रिस्तियान फॅब्रिसियस नावाचा डॅनिश कीटकशास्त्रज्ञ होता, लिनियसचा विद्यार्थी. त्याच्या हातात अमेरिकेतून आलेला नमुना पडला आणि त्यानं तिला 'अट्टा जेमिनाटा' म्हटलं. म्हणजे आडनाव वेगळंच. त्या काळी 'अट्टा' हा कप्पा फारच ऐसपैस होता, मोठ्या डोक्याची मुंगी दिसली की टाक त्यात. पुढं कप्पे नीट लावले गेले. अट्टा हे आडनाव आता फक्त अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या मुंग्यांकडं उरलंय आणि आपल्या बाई सोलेनॉप्सिसमध्ये गेल्या.

आता भारतातला भाग. थॉमस जर्डन हा मद्रासच्या फौजेतला डॉक्टर. पक्ष्यांवरच्या पुस्तकांमुळं तो प्रसिद्ध आहे, पण मुंग्यांचाही त्याला नाद होता. १८५१ साली त्यानं दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी छापली. त्यात एका लाल मुंगीला त्यानं नवी जात समजून 'अट्टा रुफा' असं नाव दिलं. रुफा म्हणजे तांबूस. जर्डनच्या दृष्टीनं ती इथलीच. इथं सापडली, मग इथलीच असणार ना? पुढं नमुने शेजारी ठेवून पाहिल्यावर कळलं की ही तर अमेरिकेतलीच जेमिनाटा. शास्त्रीय नावांचा नियम साधा आहे, आधी छापलेलं नाव चालतं. १८०४ आधी, १८५१ नंतर. रुफा गेली, जेमिनाटा राहिली.

याचा दुसरा अर्थ असा, की १८५१ च्या आधीच ती भारतात येऊन इतकी मुरली होती की जर्डनसारख्या माणसालाही ती पाहुणी वाटली नाही. मग आली कशी?

जहाजातली माती

या प्रश्नाचं बऱ्यापैकी पक्कं उत्तर मिळालं ते २०१५ साली. अमेरिकेतल्या संशोधकांनी जगभरातून या मुंगीचे नमुने गोळा केले आणि त्यांचे जनुकीय धागे जुळवून पाहिले. कुठल्या गावची मुंगी कुठल्या गावच्या मुंगीची लेक, असा तो शोध. आशियातल्या मुंग्यांचं माहेर निघालं नैर्ऋत्य मेक्सिको, अकापुल्को बंदराच्या आसपासचा भाग. तिथून १५६५ पासून १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं, स्पेनची जहाजं पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्समधल्या मनिलाला जात होती. चांदी घेऊन जायची, रेशीम आणि मसाले घेऊन यायची. जहाजाला तोल राहावा म्हणून पोटात वजन लागतं, त्यासाठी माती भरायचे. पलीकडं माल भरायची वेळ आली की ती माती बंदरावर ओतून द्यायची. मातीत काय काय होतं ते कोण बघतंय? मनिलाहून पुढं व्यापाराच्या वाटांनी ही मुंगी बाकीच्या उष्ण देशांत पोचली.

तारीख जरा डोळ्यांसमोर आणा. ही जहाजं सुरू झाली तेव्हा शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून पासष्ट वर्षं अवकाश होता.

आज ती जगाच्या सगळ्या उष्ण पट्ट्यात आहे. मूळ घर अमेरिकेच्या दक्षिण राज्यांपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकापर्यंत, आणि पसारा आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, पॅसिफिकमधली बेटं. तिला 'उपरी' म्हणून नाक मुरडण्याआधी एक मात्र बघा. सोलापूरची शेंगाचटणी आपण कौतुकानं पाहुण्यांना देतो. त्यातला शेंगदाणा अमेरिकेतला. मिरचीही अमेरिकेतली. फरक एवढाच की त्यांना आपण बोलावलं आणि ही न सांगता आली.

माळ ओला झाला

मला या सगळ्यात जास्त ओढ आहे ती वेगळ्याच प्रश्नाची. तिनं बांधच का निवडला?

माळशिरस तालुक्याच्या नावातच 'माळ' ऐकू येतो. पाऊस वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. कालवा येण्याआधीचा हा मुलूख म्हणजे कुसळी गवत, बाभळी, ज्वारी-बाजरी आणि मेंढरं. मग नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं. १९३० च्या दशकात चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनं श्रीपूरला साखर कारखाना उभा केला आणि उसाचं रान वाढत गेलं. आता ऊस म्हणजे काय? वनस्पतीशास्त्राच्या पोरांना माहीत असेल, ऊस हे गवतच आहे. ज्वारीच्या, गव्हाच्या, हराळीच्या कुळातलं. म्हणजे शेकडो वर्षं कोरडं गवताळ असलेलं रान आपण ओलं गवताळ करून टाकलं, तेही बारमाही.

जेमिनाटाला नेमकं हेच हवं असतं. उघडी, ऊन लागणारी, पण ओल धरलेली जमीन. गर्द जंगलात ती फारशी रमत नाही. अगदी कोरड्या जागी तिला नुसत्या पावसावर राहणं जड जातं, पण पाटाचं पाणी, हापशाची ओल, नळाखालचा चिखल, हिरवळ, असं काही मिळालं की तिथं ती बस्तान बसवते. कालव्याचा बांध म्हणजे तिच्यासाठी रोज पाणी येणारी सोसायटी. वर ऊन, खाली ओल, गवताचं बी दाराशी.

घर कसं ओळखायचं? वारुळ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते उंच, कडक, आणि खरं तर वाळवीनं बांधलेलं. हिचं तसं नसतं. गवताच्या ठोंबाच्या बुडाशी भुसभुशीत, रवाळ मातीचा पसरट ढीग, त्यात ठिकठिकाणी बारीक भोकं. बोटानं जरा उकरलं तर माती सांडते आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत मुंग्या बाहेर. (उकरायचंच असेल तर काडीनं. बोटानं एकदाच उकराल.) खाली दालनं, अंडी-अळ्यांच्या खोल्या, धान्याचं कोठार. घरापासून बाहेर जाणारे बोगदे जमिनीच्या जरा खालून जातात आणि चार पावलांवर कुठंतरी उघडतात. म्हणून ढीग दिसत नाही अशा जागी उभं राहिलं तरी पाय पेटतो. माती फार भिजली की त्या पिल्लं वरच्या उबदार मातीत हलवतात, ऊन तापलं की खाली नेतात. दिवसातून कितीदा हे सामान हलवणं चालतं, कल्पना करा. आपण होस्टेलची रूम एकदा बदलली तरी आठवडाभर कुरकुर करतो.

घराची सुरुवात एका राणीपासून. पंख असलेल्या माद्या उडतात, हवेत मीलन होतं, खाली उतरून त्या पंख झाडून टाकतात आणि ओल्या मातीत बीळ करून स्वतःला आत कोंडून घेतात. पहिली कामकरी पिढी बाहेर येईपर्यंत राणी काही खात नाही. उडण्याच्या स्नायूंचीच तिच्या शरीरात शिदोरी होते. काही घरांत एकच राणी असते, काहींत अनेक.

पुराचं काय, असं कुणी विचारेल. 'मुंगीला मुताचा पूर' अशी आपल्याकडं म्हण आहे. म्हण चांगली, पण या भावकीला लागू पडत नाही. हिची सख्खी चुलत बहीण सोलेनॉप्सिस इनव्हिक्टा पूर आला की एकमेकींचे पाय-जबडे धरून तराफाच करते. अंगामध्ये हवा अडकते आणि सगळं घर, राणीसकट, पाण्यावर तरंगत निघतं. हे कसं होतं त्याचा हिशेब २०११ साली जॉर्जिया टेकच्या इंजिनिअर लोकांनी मांडला. इंजिनिअरिंगवाल्यांनो, मुंगी हा फक्त बायोलॉजीचा विषय नाही.

याच इनव्हिक्टामुळं नेटवर एक घोळ होतो. 'फायर अँट' शोधलं की बहुतेक माहिती तिची येते, फोटो तिचे, भीतीच्या बातम्याही तिच्याच. २०२३ मध्ये इटलीतल्या सिसिलीत तिची ८८ घरं सापडली तेव्हा युरोपभर गाजावाजा झाला. श्रीपूरच्या बांधावरची ती नव्हे. जबड्याच्या वर तोंडाची जी पट्टी असते, तिच्या काठाला इनव्हिक्टाच्या मधोमध एक जास्तीचं टोक असतं, जेमिनाटाला ते नसतं. प्रोजेक्टमध्ये तिचा फोटो हिच्या नावावर चिकटवू नका एवढंच सांगणं.

मोठ्या डोक्याची दुसरी

आता या गोष्टीतलं दुसरं पात्र. ते खरंखुरं आपल्या मातीतलं.

इंग्रजांच्या काळात विल्यम सायक्स नावाचा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. पाऊस किती, पीक काय, जनावरं कुठली, सगळं टिपून ठेवायचा. पुण्यात असताना पावसाळ्याच्या तोंडाशी सकाळी फिरायला गेला. परेडच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले, वीसपेक्षा जास्त, प्रत्येक ढीग साधारण मूठभर. बी पॅनिकम गवताचं, म्हणजे आपल्या वरईच्या भावकीतलं. जवळ जाऊन बघतो तर शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून बी वर आणून उन्हात टाकत होत्या. पहिल्या पावसात कोठार भिजलं होतं आणि उघडीप मिळताच बायकांनी वाळवण घातलं होतं.

त्या काळी युरोपातले जाणकार म्हणायचे, मुंग्या धान्य साठवतात हा नुसता जुन्या गोष्टींमधला समज. त्यांच्या थंड देशातल्या मुंग्या तसं करत नव्हत्या ना! सायक्सला हे माहीत होतं. म्हणून त्यानं मुद्दाम तपासून घेतलं, की आपण बी समजतोय ते मुंग्यांचे कोष तर नाहीत. मग १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात वर्णन छापलं आणि नाव दिलं 'अट्टा प्रोव्हिडेन्स'. प्रोव्हिडेन्स म्हणजे पुढचा विचार करणारी. आडनाव बघितलंत? पुन्हा तोच ऐसपैस कप्पा. आज तिला फायडोले प्रोव्हिडेन्स म्हणतात.

सायक्सचा आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्यातल्या त्याच्या घरी गोड खाऊचं टेबल व्हरांड्यात असे. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या भांड्यात. तरी मुंग्या यायच्याच. शेवटी एका मुंगीवर त्यानं नजर ठेवली. ती भिंतीवर टेबलापेक्षा फूटभर वर चढली आणि तिथून खाली, थेट टेबलक्लॉथवर पडली. ती मुंगी दुसऱ्या जातीची होती, पण असं बघत बसणारा माणूस मला आवडतो.

तर प्रोव्हिडेन्स आणि जेमिनाटा. दोघींचंही पोट बऱ्याच अंशी गवताच्या बियांवर. दोघींच्या घरात बारक्या कामकरी आणि अवाढव्य डोक्याच्या मोठ्या कामकरी असतात. डोकं मोठं ते अक्कल जास्त म्हणून नव्हे, जबड्याचे स्नायू मावावेत म्हणून. मुंग्यांचा जगातला सगळ्यात नावाजलेला अभ्यासक ई. ओ. विल्सन यानं १९७८ साली दाखवून दिलं की जेमिनाटाच्या मोठ्या कामकरी जवळजवळ फक्त दळणाचं काम करतात. बारक्यांनी बी आणायचं, यांनी ते जात्यासारखं भरडायचं. दळून दळून त्यांच्या जबड्याचे दात झिजतात.

एक देशी, एक परदेशी, धंदा एकच. आणि जागा? सायक्सला त्याची मुंगी मिळाली ती न नांगरलेल्या जमिनीवर. सातबाऱ्यावर आपण जिला 'पोटखराबा' लिहितो त्या जमिनीवर. माळावरचं गवत कागदावर नेहमीच खराब असतं, पडीक असतं, तिथं काहीतरी 'केलं' पाहिजे असं असतं. याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, म्हणून निदान एका पक्ष्यामुळं तरी माळाला किंमत आली. मुंगीसाठी कोण अभयारण्य करणार? एकेक बांध ओला होतो, एकेक कोपरा उसाखाली जातो, आणि बांधावर दळणाऱ्या बायका बदलतात. कुणाला कळतही नाही, कारण आपल्या लेखी दोघीही 'मुंगी'.

शेतकऱ्याची कोण?

घरी विचारलं तर उत्तर मिळेल, वैरीण. पुरावाही आहे. हवाई बेटांवर उसाला ठिबक आलं तेव्हा जेमिनाटानं तिथल्या नळ्या कुरतडल्या, पाणी पडायची भोकं मोठी केली. त्यावर १९९० साली तिथल्या ऊस संशोधकांनी लेखच लिहिला. आता ऊसपट्ट्यात अनुदान घेऊन ठिबक टाकणाऱ्यांनी नळी फुटली की उंदराबरोबर हिचंही नाव संशयितांत घ्यायला हरकत नाही. पेरलेलं बी ती पळवते. भारतात बटाटा, काकडी, टोमॅटो यांना तिनं केलेलं नुकसान नोंदलेलं आहे. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस तिला आवडतो, म्हणून ती त्यांची गुरं राखल्यासारखी राखण करते.

पण दुसरी बाजूही ऐका. मेक्सिकोतल्या मक्याच्या पारंपरिक शेतात हीच मुंगी ठेवून आणि काढून टाकून दोन्ही प्रकारे पाहिलं गेलं, १९८२ चा अभ्यास आहे. जिथं ती होती तिथं बाकीचे कीटक फारच कमी आढळले. किडींची अंडी, अळ्या, ती काही सोडत नाही. म्हणजे बांधावर ती असली की आतल्या काही किडी ती फुकटात खाते, आणि मजुरी म्हणून ऊस तोडणाऱ्यांचे पाय. या हिशेबात तोडणी कामगारांना कुणी विचारलेलं नसतं, हे खरं.

त्यामुळं बांधावर दिसेल तिथं पावडर ओतणं मला पटत नाही. पावडर कुणाची जात विचारत नाही. प्रोव्हिडेन्सही मरते, मुंगळेही मरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कोण आधी घुसतं? ओल्या, उघड्या, नुकत्या विस्कटलेल्या जमिनीवर पहिलं घर कुणाचं होतं ते वर सांगितलंच आहे.

तुम्ही काय करायचं?

खर्च फार नाही. मोबाइलला चिकटवायची मॅक्रो लेन्स दोन-तीनशे रुपयांत मिळते, तीन पांढरी कार्डं, चार शेंगदाणे. शेंगदाणे कुटून घ्या. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत निघा. एक कार्ड कालव्याच्या ओल्या बांधावर, एक शेताच्या आतल्या कोरड्या बांधावर आणि एक जिथं पाणी पोचलेलं नाही अशा माळाच्या तुकड्यावर. श्रीपूर, महाळुंग परिसरात असा तुकडा शोधायला गाडी जरा लांब न्यावी लागेल, तोही एक निष्कर्षच. पायात बूट, पँट मोज्यात खोचलेली. दर दहा मिनिटांनी एक फोटो, अर्धा तास.

फोटो मोठे करून तीन गोष्टी बघायच्या. पहिली, आकार. जेमिनाटाच्या घरात बारकी, जरा मोठी, त्याहून मोठी, असे सगळे साइज मिळतात, तीन मिलिमीटरपासून दुपटीपर्यंत. फायडोलेत साधारणपणे दोनच, एकदम बारकी नाहीतर एकदम मोठ्या डोक्याची, मधलं कुणी नाही. दुसरी, पाठ. फायडोलेच्या छातीच्या मागच्या टोकाला दोन बारीक काटे असतात, जेमिनाटाची पाठ गुळगुळीत. तिसरी, आणि सगळ्यात भरवशाची, मिशा. मिशीचं टोक गदेसारखं जाड असतं. जेमिनाटाच्या गदेत दोन मणी, फायडोलेच्या गदेत तीन.

फोटो तारीख आणि ठिकाणासह आयनॅचरलिस्टवर टाका, ओळख चुकली तर जगातलं कुणीतरी दुरुस्त करतं. पुस्तक हवं असेल तर अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांचं 'ऑन अ ट्रेल विथ अँट्स' हे दक्षिण भारतातल्या मुंग्यांवरचं हाताशी ठेवण्यासारखं आहे. नमुनाच घेतला असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथं विचारता येतं. आणि हे एकदाच करून सोडू नका. उन्हाळ्यात कालव्याचं आवर्तन बंद असताना एकदा, पावसाळ्यात एकदा, दिवाळीनंतर गाळप सुरू झाल्यावर एकदा. तीच तीन ठिकाणं. दुसऱ्या वर्षी पुन्हा.

माळावरच्या कार्डावर गर्दी जमली, त्यात एखादी मोठ्या डोक्याची शेंगदाण्याचा तुकडा ओढत असली, तर लगेच आनंदून सायक्सची मुंगी सापडली असं स्टेटस टाकू नका. आधी मिशी झूम करा. मणी दोन की तीन?